अवघड श्वासमार्ग, सोनोग्राफी आणि आपली चिठ्ठी

शल्य शरीरात आहे हे कळते, पण ते नेमके कोठे आहे हे दिसत नाही, अशा वेळी वैद्याने काय करावे? आचार्य सुश्रुतांनी या प्रश्नासाठी सूत्रस्थानातील सव्विसावा, प्रनष्टशल्यविज्ञानीय अध्याय खर्ची घातला आहे. त्वचेत दडलेल्या शल्यासाठी तेथे एक सुंदर परीक्षा सांगितली आहे. त्या भागावर थिजलेले तूप किंवा चंदनाचा लेप लावावा; जेथे तूप आधी वितळेल, लेप आधी सुकेल, तेथे शल्य आहे असे जाणावे. पुढच्याच अध्यायात कंठात अडकलेले लाखेचे शल्य काढण्यासाठी प्रथम कंठात नाडी घालावी व तिच्यातून तापवलेली शलाका सरकवावी, असा विधी येतो. दोन्ही अध्याय आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केलेले आहेत. त्यांचा क्रम मात्र फारसा कोणी लक्षात घेत नाही. आधी स्थाननिश्चिती सांगितली आहे, मग नाडी व शलाका.

रुग्णाच्या गळ्यावर जेल लावून सोनोग्राफीचा प्रोब फिरवणारा भूलतज्ज्ञ आम्ही प्रथम पाहिला, तेव्हा हे दोन्ही अध्याय एकदम आठवले. श्वासनलिकेत ट्यूब घालणे, म्हणजे इंट्युबेशन, ज्या रुग्णात कठीण असते, त्याच्या बाबतीत ध्वनिलहरींची मदत कशी घेतली जाते, याचा परिचय प्रस्तुत लेखात करून देण्याचा मानस आहे. हे कर्म आपल्या चिकित्सालयात होत नाही. मग आपल्या त्रैमासिकात त्याचे काय प्रयोजन, असे वाचक विचारतील. त्याचे उत्तर म्हणून आमच्या हातून राहून गेलेली एक गोष्ट प्रथम सांगणे आवश्यक वाटते.

एक अनुभव

जुना जालना भागातील आमच्या चिकित्सालयात सळई कारखान्यात काम करणारे एक पंचेचाळिशीचे गृहस्थ काही वर्षांपूर्वी येत असत. तिखट लागताच तोंडात आग होणे, मधूनमधून फोड येणे, ही तक्रार. गुटखा आणि मावा खाण्याची सवय जुनी. आम्ही कवल-गंडूष दिले, पथ्य सांगितले, गुटखा सोडण्याविषयी प्रत्येक वेळी बजावले. जळजळ कमी झाली की ते येणे थांबवीत, वाढली की पुन्हा येत.

एके दिवशी संध्याकाळी पोटफुगी, उलट्या आणि तीव्र शूल घेऊन त्यांना आमच्याकडे आणले. आंत्रावरोधाची शंका घेऊन आम्ही लगेच शहरातील शल्यचिकित्सकांकडे चिठ्ठी दिली व स्वतः सोबत गेलो. चिठ्ठीत नाडी, रक्तदाब, पोटाची लक्षणे, दिलेली औषधे, सर्व काही व्यवस्थित होते. तेथील भूलतज्ज्ञांनी रुग्णाला तोंड उघडण्यास सांगितले. वरच्या आणि खालच्या दातांमध्ये जेमतेम दीड बोट शिरले. मान आखूड आणि जाड, पोट भरलेले, पूर्ण भूल देणे भाग. अशा रुग्णासाठी लागणारी लवचिक दुर्बीण तेथे उपलब्ध नव्हती. नाकातून नळी घालून पोटातील द्रव काढण्यात आला आणि रुग्णास सुमारे साठ किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगरला हलवण्याचा योग्य निर्णय झाला. या सर्वांत तीन तास गेले.

रुग्णवाहिकेत बसताना त्यांच्या पत्नी सहज बोलून गेल्या, “डॉक्टरसाहेब, दीड वर्ष झालं, भाकर दुधात कुस्करूनच खातेत हे. घास मोठा जातच नाही तोंडात.”

घरच्या बाईला दीड वर्षापासून ठाऊक असलेली गोष्ट आमच्या केसपेपरवर नव्हती. आम्ही जीभ पाहिली होती, गालाचा वर्ण पाहिला होता. तोंड किती उघडते हे एकदाही मोजले नव्हते. ते लिहिलेले असते, तर रुग्ण पहिल्याच फेरीत योग्य ठिकाणी गेला असता.

श्वासमार्ग अवघड का ठरतो?

पूर्ण भूल दिली की रुग्णाचे स्नायू शिथिल होतात आणि श्वास यंत्राने द्यावा लागतो. त्यासाठी मुखातून किंवा नाकातून सात-आठ मिलिमीटर आतील व्यासाची ट्यूब स्वरयंत्राच्या फटीतून श्वासनलिकेत सरकवतात. साध्या लॅरिंगोस्कोपने जीभ उचलून ही फट डोळ्यांनी पाहावी लागते. तोंड उघडत नसेल, मान मागे वळत नसेल, हनुवटी आत गेलेली असेल, गळ्यात गाठ वा सूज असेल, तर ती फट दिसत नाही. ट्यूब नजरचुकीने शेजारच्या अन्ननलिकेत गेली आणि ते ओळखले गेले नाही, तर मेंदूला अवघ्या चार-पाच मिनिटांत कायमची इजा होऊ लागते.

महाराष्ट्रात या अडचणीचे एक ठळक कारण म्हणजे सुपारीयुक्त पदार्थांमुळे होणारा मुखातील श्लेष्मल त्वचेखालचा तंतुमयपणा, ज्याला ओरल सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांमध्ये आढळलेल्या या विकाराचे वर्णन श्वार्ट्झ यांनी १९५२ मध्ये केले आणि पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, मुंबईच्या डॉ. जोशी यांनी भारतातील रुग्णांवरून त्याची नोंद केली. सुपारीतील घटकांमुळे गालाच्या आतल्या अस्तराखाली कोलॅजनचे तंतू साचतात, पट्टे हाताला लागतात आणि तोंड हळूहळू आवळत जाते. सवय सुटली तरी साचलेले तंतू आपोआप विरत नाहीत. शिवाय हा विकार कर्करोगाची पूर्वावस्था मानला जातो. महाराष्ट्र शासनाने जुलै २०१२ मध्ये गुटखा व पानमसाल्यावर बंदी घातली. तरीही आपल्या चिकित्सालयात येणाऱ्या तरुणांचे गाल काय सांगतात, ते प्रत्येक वैद्य जाणतो.

रुग्णास धोका कोणत्या टप्प्यावर निर्माण होतो, याचा मोठा अभ्यास ब्रिटनमध्ये झाला. २००८-०९ या एका वर्षात तेथील सरकारी रुग्णालयांत घडलेल्या श्वासमार्गाच्या गंभीर दुर्घटना गोळा करून २०११ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. भूल देताना घडलेल्या अशा १३३ घटना आणि त्यांतील १६ मृत्यू त्यात नोंदले आहेत. पूर्वतपासणी अपुरी असणे आणि अवघडपणा दिसूनही त्यानुसार योजना न बदलणे, हे दोष त्यात पुन्हा पुन्हा आढळले. आपल्या देशात ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनने २०१६ मध्ये भारतीय परिस्थितीला धरून मार्गदर्शक सूत्रे दिली. त्यांच्या लेखनात मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉ. शीला नयनन मायत्रा अग्रभागी होत्या.

ध्वनिलहरी गळ्यात काय दाखवतात?

ध्वनिलहरी हवेतून पुढे जात नाहीत. हवा आणि श्लेष्मल त्वचा जेथे भेटतात तेथून त्या परत फिरतात. त्यामुळे श्वासनलिकेच्या पोकळीचा आतला भाग सोनोग्राफीत दिसत नाही, तिची पुढची भिंत मात्र स्पष्ट दिसते. गळ्यातील रचना त्वचेपासून फार खोल नसल्याने उच्च वारंवारतेचा सरळ प्रोब वापरतात. भूलतज्ज्ञ त्याचा उपयोग मुख्यत्वे चार कामांसाठी करतात.

पहिले काम म्हणजे संकटकाळच्या दाराची खूण. मुखातून आणि नाकातून कोणताच मार्ग मिळाला नाही, तर गळ्याच्या पुढील बाजूने श्वासनलिका उघडावी लागते. कंठमणी म्हणजे अवटु उपास्थि. तिच्या खाली अंगठीसारखी मुद्रिका उपास्थि असते. या दोहोंमधील पातळ पडदा हे ते दार. त्याची उंची जेमतेम एक सेंटिमीटर. सडपातळ पुरुषात बोटाने हा खळगा लागतो. स्थूल व्यक्तीत, आखूड मानेत, विशेषतः स्त्रियांमध्ये अनुभवी हातही चुकतात. प्रोब मानेवर उभा धरला की श्वासनलिकेच्या कड्या मण्यांच्या माळेसारख्या एकाखाली एक दिसतात. सर्वांत वरचा मोठा मणी म्हणजे मुद्रिका; तिच्या वरची तेजस्वी रेघ म्हणजे तो पडदा. तेथे त्वचेवर शाईने खूण करून ठेवतात. ही खूण भूल देण्यापूर्वी करायची असते. श्वास कोंडल्यावर प्रोब शोधत बसण्यास वेळ नसतो.

दुसरे काम पूर्वअंदाजाचे. त्वचेपासून अधिजिव्हेपर्यंत मांसल भागाची जाडी किती, गळ्यात गाठ असल्यास श्वासनलिका एका बाजूस ढकलली गेली आहे काय, छेदाच्या मार्गात मोठी सिरा आहे काय, हे आधी कळते. सुश्रुतांनी जत्रूच्या वर सदतीस मर्मे मोजली आहेत आणि ग्रीवेतील नीला, मन्या, मातृका ही त्यांतच येतात. ज्या प्रदेशात इतकी मर्मे एकवटली आहेत, तेथे शस्त्र टेकवण्यापूर्वी पाहून घेण्याचे महत्त्व वैद्यास वेगळे सांगावे लागू नये.

तिसरे काम आमाशय रिक्त आहे की भरलेले, हे पाहण्याचे. येथे पोटाच्या वरच्या भागावर वक्र प्रोब ठेवतात. भूल देताना आमाशयातील द्रव्य फुप्फुसात उतरण्याचा धोका त्यावरून जोखता येतो.

चौथे काम म्हणजे ट्यूब कोठे गेली याची खात्री. अन्ननलिका बहुधा श्वासनलिकेच्या मागे, किंचित डावीकडे मिटलेली असते. ट्यूब चुकून तिच्यात गेली, तर ती फुगून पडद्यावर जणू दुसरी श्वासनलिका उमटते. ट्यूब योग्य जागी असेल तर एकच पोकळी दिसते. त्यानंतर छातीच्या दोन्ही बाजूंना प्रोब ठेवून फुप्फुसाचे आवरण श्वासाबरोबर सरकते का, हे पाहतात. एकाच बाजूला सरकत असेल, तर ट्यूब खोल जाऊन एकाच फुप्फुसात शिरल्याचा संशय घ्यावा लागतो.

मर्यादा

या साधनाची भलावण करताना त्याची मर्यादा सांगणे कर्तव्य आहे. ट्यूब श्वासनलिकेत आहे याचा सर्वांत विश्वसनीय पुरावा म्हणजे बाहेर पडणाऱ्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड सातत्याने मोजणे. सोनोग्राफी त्याची जागा घेऊ शकत नाही. हृदयक्रिया बंद पडलेल्या रुग्णात हा वायू अत्यल्प बाहेर पडतो, तेव्हा ती पूरक ठरते. पडद्यावरील चित्र वाचण्यास सराव लागतो. योग्यासूत्रीय अध्यायात भोपळा, काकडी आदींवर छेदनाचा सराव सांगणाऱ्या आचार्यांना हे नवे वाटले नसते. त्वचेखाली हवा पसरली असेल किंवा मानेवर जळाल्याचे व्रण असतील, तर चित्र धूसर होते. आणि तोंड उघडतच नसेल तर सोनोग्राफीने ते उघडत नाही. ती मार्ग दाखवते. मार्गक्रमण लवचिक दुर्बिणीने, व्हिडिओ लॅरिंगोस्कोपने किंवा शस्त्रानेच करावे लागते.

कायद्याची बाजू

लहान आकाराची यंत्रे बाजारात आल्यापासून आपल्यापैकी काहींना ती चिकित्सालयात ठेवण्याचा मोह होतो. याविषयी स्पष्ट लिहितो. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तो १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला आणि २००३ मध्ये अधिक कडक झाला. गर्भाचे लिंग ओळखू शकणारे कोणतेही सोनोग्राफी यंत्र, मग ते गळा पाहण्यासाठी घेतलेले का असेना, नोंदणीशिवाय ठेवता येत नाही. २०१२ च्या नियमदुरुस्तीने फिरत्या यंत्रांचा वापर आंतररुग्ण सेवेसाठी नोंदलेल्या जागेपुरता आणि इतर वैद्यकीय सेवा देणाऱ्या फिरत्या पथकापुरता मर्यादित केला. यंत्र कोणी चालवावे याची अर्हताही नियमांत ठरवून दिली आहे. भूलतज्ज्ञांनाही या नोंदणीचा व्याप चुकत नाही. आपल्या मराठवाड्यात मुलींची संख्या कशी घटली हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या बंधनाविषयी तक्रार करता येणार नाही. आपले काम यंत्राशिवाय होण्यासारखे आहे.

आपले कर्तव्य

भूलतज्ज्ञाची आणि रुग्णाची भेट बहुधा शस्त्रकर्माच्या आदल्या दिवशी, तातडीच्या वेळी तर काही मिनिटे आधी होते. आपण त्याच रुग्णाला वर्षानुवर्षे पाहत असतो. यास्तव पुढील गोष्टी प्रत्येक वैद्याने नित्याच्या परीक्षेत समाविष्ट कराव्यात, अशी नम्र सूचना आहे.

१) तीन बोटांची परीक्षा : रुग्णाला स्वतःची मधली तीन बोटे एकावर एक उभी धरून वरच्या-खालच्या दातांमध्ये घालण्यास सांगावे. किती बोटे मावली तो आकडा केसपेपरवर दिनांकासह लिहावा. सुपारी, गुटखा, मावा, खर्रा खाणाऱ्यांत दर भेटीत लिहावा. तीनाचे दोन झाले, तर रुग्णाला वाट न पाहता तज्ज्ञाकडे पाठवावे.

२) मान व हनुवटी : मान पूर्ण मागे नेता येते का ते पाहावे. मान मागे असताना हनुवटीपासून कंठमण्यापर्यंतचे अंतर सहा सेंटिमीटरपेक्षा कमी भरल्यास नोंद करावी.

३) घशाचे दर्शन : रुग्णास बसवून, तोंड पूर्ण उघडून, जीभ बाहेर काढण्यास सांगावे. मागील कमानी आणि पडजीभ दिसते का ते लिहावे. मूळचे आंध्रचे डॉ. शेषगिरी मल्लमपती यांनी १९८५ मध्ये मांडलेली ही वर्गवारी आज जगभर वापरली जाते. तिला यंत्र लागत नाही, बॅटरीचा प्रकाश पुरतो.

४) पूर्ववृत्त : पूर्वी भूल देताना अडचण आली होती का, मानेवर किरणोपचार झाले आहेत का, गळ्यात गाठ, जळाल्याचे व्रण, मोठे घोरणे आहे का, हे विचारावे. आपण देत असलेली औषधे सुवाच्य अक्षरात लिहावीत. ‘काढा चालू’ एवढ्याने भूलतज्ज्ञाला काहीच बोध होत नाही.

५) घरच्यांना विचारणे : जेवण कसे करतात, घास केवढा घेतात, हा प्रश्न पत्नीला किंवा आईला विचारावा. आम्ही तो विचारला नव्हता.

६) तातडीची लक्षणे : श्वास घेताना घरघर वा शिटीसारखा आवाज, लाळ गिळता न येणे, पुढे वाकून बसण्याची धडपड दिसल्यास रुग्णास आडवे करू नये, घशात चमचा घालून पाहू नये. उपलब्ध असल्यास ऑक्सिजन लावून बसल्या स्थितीत रवाना करावे आणि पुढील रुग्णालयास दूरध्वनीने कळवावे.

७) औषधविक्रेत्या बंधूंसाठी : तोंडातील जळजळीसाठी खदिरादी वटी, इरिमेदादी तेल किंवा मलम वारंवार मागणारा ग्राहक दिसला, तर त्यालाही तीन बोटे घालून पाहण्यास सांगावे आणि वैद्याकडे धाडावे.

याच संदर्भात एक बाब लक्षात आणून देतो. राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये ९३७ वाहनांसह सुरू झाली, तेव्हापासून त्या वाहनांत आपलेच अनेक आयुर्वेद पदवीधर बांधव काम करीत आले आहेत. अवघड श्वासमार्गाचा रुग्ण धावत्या गाडीत त्यांच्यासमोर असतो. आपल्या चिठ्ठीतील एक ओळ त्यांना प्रथम उपयोगी पडते, भूलतज्ज्ञाला त्यानंतर.

समारोप

आमच्या त्या रुग्णाचे पुढे काय झाले, हे सांगून लेखणी थांबवतो. छत्रपती संभाजीनगरच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञांनी प्रथम त्यांच्या गळ्यावर प्रोब फिरवून पडद्याची जागा निश्चित केली, निळ्या शाईने आडवी खूण केली आणि आवश्यक शस्त्रे हाताशी मांडून ठेवली. नंतर नाक आणि घसा औषधाने बधिर करून, रुग्ण जागा असताना, स्वतःचा श्वास घेत असताना, नाकातून लवचिक दुर्बिणीवरून ट्यूब श्वासनलिकेत नेली. गळ्याला शस्त्र लावावे लागले नाही. पोट उघडल्यावर आतड्याचा काळवंडलेला भाग काढावा लागला. वाटेत गेलेल्या तीन तासांचा त्याच्याशी किती संबंध होता, हे शल्यचिकित्सकांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. पण तो प्रश्न आमच्या मनातून गेलेला नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही भेटीस गेलो, तेव्हा ती निळी रेघ पुसट होऊन गळ्यावर तशीच होती. “हे काय केलं डॉक्टरसाहेब?” त्यांच्या पत्नींनी विचारले. आम्ही सांगितले, “वाट बंद झाली असती तर येथून उघडायची होती. आधी पाहून ठेवली.” त्या काही बोलल्या नाहीत. पदराने ती रेघ पुसू लागल्या.

त्या आठवड्यापासून आमच्या केसपेपरवर जिव्हेच्या खाली एक नवी ओळ छापून घेतली आहे : ‘मुख उघडते – बोटे’. सर्व वैद्यबांधवांनी आपापल्या केसपेपरवर ती छापून घ्यावी, एवढीच विनंती. इत्यलम्.